सुटेल तेंच चिकटवावें

वाशीम येथील एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. पद्मतीर्थाच्या बाजूस असलेला त्यांच्या सासरचा जुना वाडा गेल्या वर्षीं उतरविण्यांत आला, आणि त्यांतील ज्या वस्तू जपून ठेवण्याजोग्या वाटल्या त्या त्यांच्या नव्या घरीं आल्या. पत्रांत त्यांनीं यादीच दिली आहे : आजेसासूबाईंची शिसवी फणेरपेटी, महालक्ष्म्यांचे शाडूचे रंगविलेले दोन मुखवटे, तांब्याचा नक्षीचा गडवा, एक संगमरवरी गाय, कांचेच्या दोन हंड्या, मामंजींनीं जमविलेल्या टपालतिकिटांची वही, कांहीं चांदीचे रुपये आणि एक जुनें कौटुंबिक छायाचित्र. घर अकोला-हिंगोली रस्त्यालगत आहे. भरलेले ट्रक जाऊं लागले कीं कांचेचें कपाट थरथरतें, आणि गडवा व हंड्या बोटबोट सरकत फळीच्या कडेस येतात. वस्तूंची वाटणी अद्याप व्हावयाची आहे. एक दीर नागपुरास, दुसरे पुण्यास व तिसरे परदेशीं आहेत. "वाटणी होईपर्यंत माझ्या हातून कांहीं बिघडूं नये; तेव्हां या वस्तू कशानें चिकटवून ठेवूं?" असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटीं त्यांनीं आणखी एक गोष्ट लिहिली आहे. गतवर्षीं भाद्रपदांत ज्येष्ठेच्या मुखवट्याची नथ सारखी गळूं लागली, म्हणून पुतण्यानें ती झटपट गोंदानें चिकटविली. ती आतां निघत नाहीं, आणि ओढावी तर नाकावरचा रंग उपटून येईल अशी भीति वाटते.

हा प्रश्न एकाच घरचा नाहीं. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत, आणि ज्यांचें आयुष्य कोनाड्यांत, फडताळांत वा माळ्यावर गेलें त्या वस्तू कांचेच्या कपाटांत येऊन उभ्या राहत आहेत. कोनाडा दोन हात जाडीच्या भिंतींत असे. तेथें वस्तु हलण्याचें कारण नव्हतें. कपाट मात्र हलतें. शिवाय रस्त्यावरील वाहनांचीच थरथर तेवढी असते असेंहि नाहीं. २०२४ सालीं २१ मार्च रोजीं व पुन्हां १० जुलै रोजीं शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले, आणि त्यांची थरथर आसपासच्या जिल्ह्यांतहि जाणवली. तेव्हां वस्तु जागेवर स्थिर असावी ही इच्छा सर्वथैव रास्त आहे. आमचें सांगणें इतकेंच कीं, ती स्थिर करतांना पुन्हां सोडवितां येईल अशाच उपायानें करावी. पडलेली वस्तु फुटते, हें त्याच क्षणीं सर्वांस दिसतें. चिकटविलेली वस्तु सोडवितांना फुटते, हें वीस वर्षांनीं दुसऱ्याच कोणास दिसतें, आणि तेव्हां चिकटविणारा उत्तर द्यावयास जवळ नसतो.

प्रथम असें पाहावें कीं, चिकटविण्याची गरज मुळांत आहे काय? आपल्या जुन्या रीतींत हा उपाय फार क्वचित् आढळतो. गोल बुडाचा कलश आपण तांदळाच्या राशीवर बसवितों. पाण्याची घागर चुंबळीवर ठेवितों. वाशीम ही वत्सगुल्म या नांवानें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, आणि त्या शाखेच्या विंध्यशक्ति राजाचा दानलेख तेथेंच १९३९ सालीं उजेडांत आला. त्या काळचे असे ताम्रपट एकत्र ठेवावयाचे तर पत्र्यांस भोंक पाडून त्यांतून कडी ओवीत. कारंजा येथील जैन भांडारांतील पोथ्यांची नोंद रायबहादुर हिरालाल यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितांच्या सूचींत झालेली आहे. अशा पोथ्यांचीं पानें सुटीं असतात. वरखालीं फळी घालून त्या रुमालांत बांधितात. शतकानुशतकें तीं पानें टिकलीं, यास इतर कारणांबरोबर हेंहि एक कारण आहे कीं त्यांच्या पाठीस कोणी खळ फांसली नाहीं.

याच जिल्ह्यांत शिरपूर येथें अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ति भूमीस न टेकतां स्थित आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे. आपल्या कपाटांतील वस्तूंस मात्र बूड हवें आणि बुडास बैठक हवी. गडव्यासाठीं धुवट सुती कापडाची लहानशी चुंबळ करावी, आणि स्वच्छ धुतलेली कोरडी वाळू जाड कापडाच्या पिशवींत शिवून ती गडव्याच्या पोटांत ठेवावी. जड झालेली वस्तु सरकत नाहीं व सहसा कलंडतहि नाहीं. फळीच्या पुढच्या कडेस बोटभर उंचीची लांकडी पट्टी सुताराकडून ठोकून घ्यावी. ती दिसण्यांत वाईट दिसत नाहीं, आणि सरकत आलेल्या वस्तूस अडविते. फणेरपेटीसारख्या जड व रुंद बैठकीच्या लांकडी वस्तूखालीं सुती कापडाची दुहेरी घडी पुरे. तिच्या शिसवी लांकडास कोणताहि चिकट पदार्थ लावूं नये. देव्हाऱ्यांतील मूर्तींविषयीं तर निराळें सांगणें न लगे. ज्या मूर्तीस नित्य स्नान घालावयाचें ती रोज उचलली गेली पाहिजे. तिच्यासाठीं चौरंगास खोबण करून घ्यावी.

इतकें करूनहि ज्यांस आधार पुरत नाहीं अशा वस्तू राहतात : उंच व अरुंद बुडाच्या, हलक्या, किंवा कांचेच्या. त्यांच्यासाठीं चिकट पदार्थ निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या. तो वस्तु व फळी या दोहोंस न खरवडतां सुटला पाहिजे; सुटल्यावर मागें डाग वा ओशटपणा राहतां कामा नये; आणि आज सुटतो तसा तो दहा वर्षांनींहि सुटला पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी आठ दिवसांत पारखतां येतात. तिसरी सर्वांत कठीण आहे, आणि नेमकी तिच्याकडेच दुर्लक्ष होतें.

तिसरीचें महत्त्व वाशीमकरांस अजिंठ्याहून अधिक चांगलें कोण सांगूं शकेल? वत्सगुल्माच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें तेथील सोळावें लेणें कोरविलें. लेण्यांतील चित्रांचे पोपडे सुटूं लागले म्हणून निजाम सरकारनें लोरेन्झो चेकोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस बोलाविलें, आणि त्यांनीं १९२० ते १९२२ या काळांत सुटणारा गिलावा पक्का करून चित्रांवर लाखेचा लेप दिला. हेतु उत्तम होता, आणि पुष्कळसा गिलावा त्यांच्यामुळेंच वांचला. लाख ताजी असतां स्पिरिटमध्यें विरघळते, म्हणून ती केव्हांहि काढतां येईल असें त्या वेळीं वाटणें स्वाभाविक होतें. परंतु कालांतरानें लाखेच्या अंगीं आंतल्या आंत फरक होतो, आणि ती पूर्वीइतकी विरघळेनाशी होते. लेप पिवळा पडला, त्यानें धूळ व काजळी धरून ठेविली, आणि रंग झांकोळले. तो थर हलक्या हातानें उतरविण्यांत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांचीं पुढें कित्येक दशकें गेलीं. निष्णात माणसांच्या हातून जें झालें, तें घरांतील टेबलावर बसून आपल्या हातून सहज होईल.

याच्या उलट, सुटणाऱ्या चिकट पदार्थांचें ज्ञान आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलें आहे. पत्रलेखिकेच्या फणेरपेटींत आरशाखालच्या खणांत कुंकवाच्या करंड्याशेजारीं मेणाची डबी असेल. पूर्वीच्या स्त्रिया कपाळास आधीं किंचित् मेण लावीत व त्यावर कुंकूं रेखीत. दिवसभर घामानें तें ओघळत नसे, आणि पुसतांना कातडीस इजाहि होत नसे. सोनार भांड्यावर नक्षी उठवितांना तें राळेंत घट्ट बसवितो. राळेंत विटेची भुकटी व तेल मिसळलेलें असतें. काम होईतों ती भांडें हलूं देत नाहीं, आणि शेक दिला कीं सोडून देते. धरून ठेवणें व वेळेवर सोडणें हे दोन्ही गुण त्यांस सारखेच मोलाचे वाटत होते.

मेणाची ही थोरवी दूरदेशींहि पटलेली आहे. कैरोच्या संग्रहालयांतील तुतनखामेन राजाच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी २०१४ सालच्या ऑगस्टमध्यें निखळली, आणि घाईघाईनें ती इपॉक्सीनें चिकटविण्यांत आली. गोंदाचा ओघळ दिसूं लागला. तो खरवडतांना मुखवट्यावर चरे उमटले. पुढें जर्मन तज्ज्ञांस बोलावून तें इपॉक्सी लांकडी हत्यारांनीं कणाकणानें काढावें लागलें, आणि दाढी मधमाशीच्या मेणानें बसविली गेली, कारण प्राचीन इजिप्तमध्येंहि मेण याच कामीं वापरीत. २०१५ च्या डिसेंबरांत तो मुखवटा पुन्हां लोकांपुढें ठेवण्यांत आला.

संग्रहालयें हल्लीं या कामीं जें वापरतात तें मेणाचेंच भावंड आहे. खनिज तेलापासून काढलेल्या बारीक कणांच्या मेणाचा हा मऊ प्रकार 'म्यूझियम वॅक्स' या नांवानें विकत मिळतो. कांचेच्या व चिनी मातीच्या वस्तूंसाठीं पारदर्शक 'म्यूझियम जेल' असतें. दोन्ही सुकून घट्ट होत नाहींत, आणि म्हणूनच पुढेंहि सुटतात. भिंतीवर कागद लावण्याची निळसर मळलेल्या कणकेसारखी पुटीहि बाजारांत मिळते; ती हलक्या गुळगुळीत वस्तूस चालेल, परंतु तिच्यांतील तेल कागदांत, कच्च्या मातींत व दगडांत उतरतें. मेणबत्तीचें मेण या कामीं घेऊं नये. तें ठिसूळ असतें, धक्का बसतांच सुटतें.

येथवर जें सांगितलें तें कोणत्याहि परदेशी पुस्तकांत सांपडेल. परंतु तीं पुस्तकें वऱ्हाडांत लिहिलेलीं नाहींत. वैशाखांत येथें पारा ४२-४३ अंशांवर जाणें नित्याचें आहे, आणि दुपारीं पश्चिमेच्या भिंतीस टेकलेल्या बंद कांचेच्या कपाटांतील उष्णता बाहेरच्या सावलीहून कमी नसते. मधमाशीचें मेण ६२ ते ६४ अंशांस वितळतें. पण वितळण्याच्या पुष्कळ आधीं तें मऊ होतें आणि वजनाखालीं हळूहळू सरकूं लागतें. संग्रहालयांतील तज्ज्ञांचा आवडता पॅरालॉइड बी-७२ हा राळेसारखा पदार्थ अॅसिटोनमध्यें विरघळतो व वर्षानुवर्षें तसाच राहतो, म्हणून त्याची ख्याति आहे. परंतु सुमारें ४० अंशांस त्याचा ताठपणा जातो. उष्ण देशांत तज्ज्ञ त्यांत त्याच कुळांतील अधिक उष्णता सोसणारा पदार्थ मिसळतात. खेंचून सुटणाऱ्या भिंतीवरच्या पट्ट्यांची मर्यादाहि साधारण तेवढीच आहे. जी वस्तु लंडनच्या कपाटांत दहा वर्षें उभी राहते ती वाशीमच्या कपाटांत एका उन्हाळ्यांत कलंडूं शकते.

यासाठीं आम्ही एक साधी परीक्षा सुचवितों. वस्तूच्या वजनाची एखादी निरुपयोगी बाटली घ्यावी, त्याच कपाटांत, त्याच फळीवर, त्याच मेणानें बसवावी, आणि चैत्रापासून ज्येष्ठाचा पाऊस पडेपर्यंत तशीच ठेवावी. फळीवर पेन्सिलीनें बाटलीभोंवतीं बारीक रेघ आंखावी. रेघेबाहेर बाटली सरकली नाहीं, आणि काढल्यावर डाग राहिला नाहीं, तर त्या मेणावर विश्वास ठेवावा. तोंवर मौल्यवान् वस्तू सर्वांत खालच्या फळीवर किंवा पेटींत असाव्या. कपाटच पश्चिमेच्या भिंतीवरून हलवितां आलें तर त्याहून उत्तम.

उन्हाळ्यांत जसा मेणाचा, तसा पावसाळ्यांत खळीचा व डिंकाचा प्रश्न. गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि बाभळीचा डिंक हे पाण्यानें सुटणारे, कागदास मानवणारे पदार्थ आहेत. खळींत मोरचूद घालण्याची पुस्तकबांधणाऱ्यांची रीतहि किडीसाठींच पडली. परंतु आषाढ-श्रावणांतील दमट हवेंत डिंक पुन्हां ओलावतो. टपालतिकिटांची वही अशा वेळीं दाबून ठेविली तर तिकिटें पानांस व एकमेकांस चिकटतात. वही उभी ठेवावी, पानांमध्यें गुळगुळीत पारदर्शक कागद घालावा, आणि भाद्रपदांत कोरड्या दिवशीं पानें उलटून हवा द्यावी.

आतां एकेका वस्तूविषयीं. तांब्यापितळेच्या गडव्यास चुंबळ व वाळू पुरेशी आहे. तरी फळीवर चिकटवावयाचाच असेल तर म्यूझियम वॅक्स चालेल. मात्र नळ व न्हाणीघर यांच्या सांधींत भरावयाचा जो सिलिकॉन लावतांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो तांब्यापितळेजवळ कधींहि आणूं नये. तो वास ज्या आम्लाचा तेंच आम्ल धातूस खाऊन जंगाल आणतें. चांदीचे रुपये चिकटवूं नयेत आणि रबरी पट्ट्यानें बांधूंहि नयेत. रबरांतील गंधकानें चांदी काळी पडते. ते जाड कागदाच्या निरनिराळ्या पाकिटांत ठेवावे, व घासून चकचकीत करूं नयेत. मऊ प्लास्टिकच्या ज्या पाकिटांस उग्र वास येतो तींहि टाळावीं.

संगमरवर दिसतो कठीण, पण असतो शोषक. मेणांतील स्निग्धांश त्यांत उतरला तर गायीच्या पायांशीं कायमचा पिवळा डाग राहील. तिच्यासाठीं फळीवर जाड सुती कापड अंथरावें, आणि पायांच्या बाहेरच्या बाजूंस लांकडाच्या चार लहान खुंट्या फळीस बसवून घ्याव्या. कांचेच्या हंड्यांस जेल योग्य. पण उन्हाळ्यांत तें पातळ होऊन पसरतें, म्हणून चैत्र लागतांच हंड्या उतरवून कापडांत गुंडाळाव्या.

छायाचित्रास गोंद, सेलोटेप, चिकट कागद यांपैकीं कांहींहि लावूं नये. सेलोटेपचा शोध १९३० सालीं अमेरिकेंत लागला तेव्हां तो मोठा सोयीचा वाटला. परंतु कांहीं वर्षांनीं पारदर्शक पट्टी सुटून पडते आणि तिचा गोंद कागदांत मुरून तपकिरी पट्टा तेवढा मागें राहतो. चिकट पानांच्या ज्या वह्या पुढें घरोघरीं आल्या त्यांनींहि पुष्कळ लग्नांचीं छायाचित्रें अशींच गिळलीं. त्यापेक्षां आजोबांच्या वेळचे काळ्या कागदाचे चार कोपरे शहाणे होते. ते पानास चिकटतात, चित्रास नव्हे. मूळ छायाचित्र कोपऱ्यांत बसवून पेटींत ठेवावें, आणि भिंतीवर त्याची प्रत लावावी. ओळखीसाठीं पाठीवर चिकटणाऱ्या चिठ्ठ्या लावूं नयेत. त्याहि आपला चिकटपणा मागें ठेवून जातात. नांवें मऊ पेन्सिलीनें, अगदीं हलक्या हातानें लिहावीं.

टपालतिकिटें जमविणाऱ्यांनीं हा सारा विचार फार पूर्वीं करून ठेविला आहे. त्यांची कागदाची इवलीशी बिजागरी, म्हणजे हिंज, एका बाजूनें तिकिटाच्या पाठीस वरच्या कडेशीं व दुसऱ्या बाजूनें पानास किंचित् ओलसर करून लावतात. ती पुरती वाळल्यावर सोलून काढतां येते. ओली असतां ओढली तर तिकीट फाटतें. वापरलेल्या तिकिटांस ती योग्य आहे. जीं तिकिटें कोरीं असून मूळचा डिंक पाठीवर शाबूत आहे, तीं हिंज न लावतां पारदर्शक खिशांत ठेवावीं, कारण पाठीवर खूण उमटतांच त्यांचें मोल घटतें.

मेण लावण्याची रीत सोपी आहे. वस्तूचें बूड व फळी दोन्ही कोरड्या मऊ कापडानें पुसावीं. मसुराएवढ्या तीन गोळ्या बोटांत मळून बुडाच्या कडेस सारख्या अंतरावर लावाव्या. जड वस्तूस वाटाण्याएवढ्या घ्याव्या. वस्तु फळीवर ठेवून किंचित् फिरवीत दाबावी. काढतांना कधींहि सरळ वर ओढूं नये. बुडास दोन्ही हातांनीं धरून हलकेच फिरवावें, म्हणजे मेणाची पकड सुटते. न सुटल्यास बळकट दोरा बुडाखालून करवतीसारखा ओढावा. उरलेलें मेण नखानें न खरवडतां कापडानें टिपावें. रंग, सोनेरी मुलामा किंवा पूर्वींची दुरुस्ती असलेल्या जागीं, तसेंच चीर गेलेल्या भागावर, मेण लावूं नये. आणि वस्तु कानास वा मुठीस धरून उचलूं नये.

टाळावयाच्या पदार्थांची यादी लहान आहे. झटपट गोंद, दोन नळ्यांतून मिसळावयाचें इपॉक्सी, आणि सुताराचा पांढरा गोंद ज्यास घरोघरीं फेव्हिकॉल म्हणतात, हे तिन्ही आपापल्या जागीं उत्तम आहेत. खुर्चीचा पाय जोडतांना त्यांचा जो गुण, तोच संग्रहांतील वस्तूस लावतांना दोष ठरतो. भिंतीवरच्या चिकट हुकांविषयीं इतकेंच कीं, जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीस ते धरीत नाहींत. हुकाबरोबर चुन्याचा पापुद्रा येतो आणि चित्र खालीं येतें. तेथें खुंटी हाच उपाय.

राहतां राहिला ज्येष्ठेचा मुखवटा. पुतण्यानें जें केलें तें ऐन पूजेच्या गडबडींत, देवीची नथ गळूं नये म्हणून केलें. त्याचा हेतु दुष्ट नव्हता, आणि त्यास आतां बोल लावून कांहीं सुटणार नाहीं. नथ ओढूं नये. नखांचा रंग काढण्याचें द्रव्य कोणी सुचवील; त्यांतील अॅसिटोन त्या गोंदास विरघळवितें हें खरें, परंतु तें मुखवट्याचा रंग आधीं विरघळवील. ऊन पाणी लावणें शाडूस घातक आहे. म्हणून नथ आहे तेथें राहूं द्यावी. तिचा भार नाकावर पडूं नये यासाठीं मुखवटा पेटींत उताणा ठेवावा व नथेखालीं मऊ कापसाची गादी घालावी. येत्या भाद्रपदांत अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या बसवितांना ती तशीच शोभेल; देवीस त्यांत उणें नाहीं. पुढें मुंबईस कोणाचें जाणें झाल्यास छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्रांत छायाचित्रें दाखवून सल्ला घ्यावा. जवळ हवें तर नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय आहे, जें १८६३ पासून चालत आलें आहे. कनिष्ठेच्या मुखवट्याची नथ बसवितांना मात्र आधीं त्याचा रंग पाहावा. तो चकचकीत तैलरंग असेल तर मधमाशीच्या शुद्ध मेणाचा तिळाएवढा कण पुरे होईल. कोरडा, मातकट रंग असेल तर मेणहि नको. बारीक रेशमी दोरा कानामागून घेऊन नथ त्यांत अडकवावी, वर केस व दागिने आले कीं तो दिसत नाहीं. मूळ नक्षत्रावर विसर्जन झालें कीं दोरा सोडावा. तीन दिवसांच्या पाहुणीसाठीं तीन दिवसांचाच सांधा असावा हें ठीक.

आणखी एक काम या भगिनींनीं अवश्य करावें. प्रत्येक वस्तूचें छायाचित्र काढून एका वहींत चिकटवावें, आणि त्याखालीं लिहावें : ही वस्तु कोणाची, वाड्यांत कोठें असे, तिला काय लावलें आहे, केव्हां लावलें, आणि कसें सोडवावें. मुखवट्याच्या पानावर झटपट गोंदाचीहि नोंद करावी. ती दडवूं नये. त्या वहीच्या प्रती तिन्ही दिरांस पाठवाव्या. वाटणी होईल तेव्हां गडवा नागपुरास जाईल, फणेरपेटी कदाचित् परदेशीं जाईल, आणि तेथें ती उघडणाऱ्या मुलीस मेणाची डबी कशासाठीं हें सांगावयास कोणी नसेल. तेव्हां ती वही सांगेल. वस्तु ज्याच्या हातीं जावयाची त्याच्या हातीं ती पूर्ण, न खरवडलेली आणि मोकळी जावी, एवढेंच सांभाळणाराचें काम आहे. पत्रलेखिकेनें प्रश्न विचारला तो चिकटविण्यापूर्वीं विचारला, यांतच तें काम अर्धें झालें असें आम्ही समजतों.